असीरगड: आसा अहिराचे नाव, फारुकींची मशीद

खानदेशातल्या मुलांना रायगड, शिवनेरी पाठ असतात. असीरगड मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने बुऱ्हाणपूरला उतरले की पुढे वीसेक किलोमीटरवर सातपुड्यात हा गड आहे. आज तो मध्य प्रदेशात मोडतो, पण त्याला वगळून खानदेशचा इतिहास सांगता येत नाही.

फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली. धुळे जिल्ह्यातले तापीकाठचे थाळनेर ही फारुकी घराण्याची पहिली राजधानी. त्यांच्या कबरी आजही तिथे आहेत. मलिक राजाचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला, तो मात्र दग्याने. फरिश्ता हा फारसी इतिहासकार सांगतो, की नसीरखानाने घरच्या बायकांसाठी आसा अहिराकडे आसरा मागितला, डोल्यांतून सैनिक पाठवले आणि आसाला मारले.

वर्गात मी हा भाग गाळत नाही. दगा करणाऱ्याचे नाव आपल्या नावासारखे आहे म्हणून दगा झाकायचा नसतो. पण इतिहास तिथेच थांबवायचाही नसतो. गडाला नाव राहिले ते त्या अहिराचेच. आणि सुमारे दोनशे वर्षांनी याच घराण्यातल्या आदिलशाह फारुकीने बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरवला. विक्रम संवत १६४६, शके १५११ चा हा लेख सृष्टिकर्त्याला वंदन करून सुरू होतो आणि मलिक राजापासूनची वंशावळ सांगतो. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत! उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला याहून मोठा धडा कुठे मिळणार?

गडावर मिनारांची मशीद आहे, महादेवाचे मंदिर आहे आणि इंग्रजांच्या कबरीही आहेत. मंदिरात अश्वत्थामा रोज पूजेला येतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. १६०१ मध्ये अकबराने फारुकींकडून गड घेतला, १८१९ मध्ये इंग्रजांनी शिंद्यांकडून. जो आला त्याने आपली खूण ठेवली.

"सर, मग हा गड कोणाचा?" मुले विचारतात. मी त्यांना घराणी क्रमाने लिहायला लावतो, आसा अहिरापासून. एकही नाव न गाळता.