वाट दाखवणारे

मोठी माय गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पण तिची आठवण आली की आजारापेक्षा ते वाया गेलेले चार महिनेच जास्त आठवतात.

शेंदूरजनाघाटला आमची संत्र्याची बाग. 1998 साली आंबियाची तोडणी चालू होती, तेव्हा तिच्या छातीतली गाठ हाताला लागली. घरात ठरलं, "आधी झाडपाला करून पाहू, मंग मुंबईले जाऊ." वाईट कोणीच नव्हतं हो. वाट माहीत असलेलं कोणी नव्हतं, एवढंच.

मुंबईला गेलो ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म 1876 चा. पंढरपूर, आळंदी, नाशिकला त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या या धर्मशाळेत मात्र कर्करोगाचे रुग्ण उतरतात. कोणता कागद आधी, केमोनंतर काय खायचं, कुठे रडायचं नाही... हे सगळं आम्हाला शेजारच्या खोलीतल्या एका बाईंनी शिकवलं. नवऱ्याच्या आजारात त्या स्वतः शिकल्या होत्या.

हे काम रीतसर शिकवता येतं, हे जगाला उशिराच सुचलं. परळचं टाटा हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं. औषधं, शस्त्रक्रिया, किरण सगळं वाढत गेलं. पण रुग्णाचा हात धरून नेणारा माणूस हा वेगळा पेशा मानायला 1990 उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन या सर्जननी पाहिलं, की गरीब कृष्णवर्णीय बायका फार उशिरा येतात. त्यांनी तपासणीची सोय केली आणि वाट दाखवणारी माणसं नेमली. पूर्वी तिथल्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी 39 टक्के पाच वर्षं जगत. नंतरच्या गटात ते प्रमाण 70 टक्के झालं.

2019 मध्ये टाटा मेमोरियलने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साथीने असंच वर्षभराचं शिक्षण सुरू केलं. नाव ठेवलं 'केवट'. रामाला गंगापार नेणारा नावाडी!

अशा माणसाचं एक नाजूक काम म्हणजे झाडपाल्याचा प्रश्न. योग, आहार, मनाचा आधार यांना हसायचं नाही, पण त्यांची जागा सांगायची. टाटाने 850 स्त्रियांवर योगाचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा थकवा आणि वेदना कमी झाल्याचं दिसलं. पण तो योग उपचारांसोबत होता, उपचारांऐवजी नव्हता. सारा फरक या एका शब्दाचा आहे.

आमच्या घरात तेव्हा कोणी येऊन एवढंच म्हणायला हवं होतं, "मोठ्या माय, झाडपाल्याचं मंग पाहू, डॉक्टरले इचारून. उद्या आधी गाडीत बसा."

ती वाचली असती का? ठाऊक नाही. पण ते चार महिने तिच्या हातात असते. असो.