न उजाडलेला दिवस : २९ फेब्रुवारी १९००

इ.स. १९०० साली फेब्रुवारी महिना २८ दिवसांचा होता. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली अमलात आणलेला नियम आपण वर्गात शिकवतोच. चारने भाग जाणारे वर्ष लीप वर्ष. मात्र शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला पाहिजे. म्हणून २००० हे लीप वर्ष आणि १९०० हे साधे वर्ष. तरीही आजच्या एक्सेलमध्ये नेहमीची मांडणी ठेवून एका घरात ६० हा आकडा लिहावा आणि त्याला तारखेचे रूप द्यावे. पडद्यावर उमटते : २९ फेब्रुवारी १९००. जो दिवस कधी उजाडलाच नाही, तो संगणकात ठाण मांडून बसला आहे. तो तेथे कसा आला आणि का टिकला, याची हकिगत प्रत्येक शिक्षकाला उपयोगी पडेल अशी आहे.

प्रथम हे पाहू, की आकड्याची तारीख होते कशी? स्प्रेडशीट तारीख साठवत नाही. ती एका ठरावीक आरंभदिवसापासून मोजलेले दिवस साठवते. ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. ज्योतिषगणितातील ‘अहर्गण’ म्हणजे हेच. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० हा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचले आणि अहर्गण फार मोठा होऊ नये म्हणून ४०१६ दिवसांची चक्रे पाडली. दिवसांची संख्या कळली तरी आरंभ कोणता हे ठाऊक नसेल, तर त्या संख्येला काहीच अर्थ नसतो. पुढची सारी भानगड याच एका वाक्यात आहे.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची ‘व्हिजिकॅल्क’ ही स्प्रेडशीट १९७९ साली आली. १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आली आणि तिने आयबीएमच्या संगणकांवर बाजार काबीज केला. लोटसने १ जानेवारी १९०० या दिवसाला १ हा क्रमांक दिला आणि १९०० हे लीप वर्ष धरले. लोटसमधील तारखा २०९९ पर्यंतच चालत. या २०० वर्षांत ‘चारने भाग जातो का?’ एवढीच कसोटी लावली, तर ती एकाच वर्षी चुकते : १९००. त्यामुळे २८ फेब्रुवारीला ५९, न उजाडलेल्या दिवसाला ६० आणि १ मार्चला ६१ असे क्रमांक पडले.

मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ साली मॅकिंटॉश संगणकावर आले. तेथे आरंभ धरला होता १ जानेवारी १९०४, आणि त्याचा क्रमांक ०. म्हणजे १९०० चा प्रश्नच टळला. पण १९८७ साली विंडोजवर एक्सेल आले, तेव्हा लोटसमध्ये तयार झालेले तक्ते त्यात जसेच्या तसे उघडणे गरजेचे होते. लोटसची चूक सुधारली असती, तर जुन्या तक्त्यांतील जवळजवळ प्रत्येक तारीख एका दिवसाने सरकली असती. म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून उचलली.

खरी गंमत झाली ती एक्सेलला बाहेरून चालवण्याची सोय करताना. १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये बेसिक भाषेत आज्ञा लिहिता येऊ लागल्या, आणि दुसरा प्रोग्रॅमही एक्सेलला हुकूम सोडू लागला. या कामावरील जोएल स्पोल्स्की यांनी २००६ साली एक आठवण लिहिली. बेसिकचे दिवस ३० डिसेंबर १८९९ पासून मोजले जात, असे त्यांना आढळले. ही विचित्र तारीख का? आपण मोजून पाहू. ३० डिसेंबरला ०, ३१ ला १, १ जानेवारी १९०० ला २, २८ फेब्रुवारीला ६० आणि १ मार्चला ६१. म्हणजे बेसिकने लीप वर्षाचा नियम नीट पाळला, आणि १ मार्च १९०० पासून दोघांचे आकडे जुळतील अशा बेताने आरंभ मागे नेला. त्याआधीच्या दोन महिन्यांत मात्र दोघांत एका दिवसाचा फरक राहिला. १९९२ च्या आढावा बैठकीत बिल गेट्स यांनी नेमका तारखांविषयीच प्रश्न विचारला, आणि स्पोल्स्कींना तो अपवाद सांगता आला. कारण त्यांनी तपशील स्वतः तपासला होता.

आपल्या शाळेत १९०० साली जन्मलेले कोणी नाही, मग आपल्याला त्याचे काय? उत्तर जनरल रजिस्टरात आहे. विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा एका फाईलमधून दुसरीत नेण्याचे काम आज अनेकदा छोट्या प्रोग्रॅमकडे सोपवलेले असते. १९०४ आरंभाच्या फाईलमधले आकडे १९०० आरंभाच्या फाईलमध्ये तसेच ओतले, तर १२ जून २००८ या तारखेची ११ जून २००४ होते. फरक १४६२ दिवसांचा : चार वर्षे आणि एक दिवस. पडद्यावर चुकीचा संदेश येत नाही, काही लाल होत नाही. मूल मात्र चार वर्षांनी मोठे होते, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच तारीख गेली, तर ती दुरुस्त करताना पालकांच्या चपला झिजतात.

दुसरा दोष याहून फसवा. तारखा मजकुराच्या रूपात असलेली फाईल आपण हाताने उघडली, तर एक्सेल संगणकावर ठरवलेली दिवस-महिना-वर्ष ही मांडणी पाळते. तीच फाईल प्रोग्रॅमने उघडली, तर वेगळे सांगितल्याखेरीज ती सामान्यतः अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचली जाते. मग १२ जूनचा ६ डिसेंबर होतो. २५ जूनचे तसे होऊ शकत नाही, कारण पंचविसावा महिनाच नाही. त्यामुळे यादीतील काही तारखा बरोबर आणि काही चूक, असा घोळ होतो, आणि वरवर चाळणाऱ्याला सारे ठीक वाटते.

या दोषांचा शोध घेणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रयोग आहे. आधी उत्तर माहीत असलेल्या चार-पाच तारखा घ्याव्यात. त्यांत बारापर्यंतचे आणि बारापुढचे असे दोन्ही दिवस असावेत. त्या हाताने आणि प्रोग्रॅममधून अशा दोन्ही वाटांनी न्याव्यात. मग तारखेचे रूप काढून नुसते आकडे समोरासमोर मांडून वजाबाकी करावी. सर्वत्र १४६२ आले, तर आरंभ वेगळा. काही ठिकाणी शून्य आणि काही ठिकाणी महिन्यांचा फरक आला, तर दिवस-महिना उलटले. फक्त १९०० च्या पहिल्या दोन महिन्यांत १ आला, तर तो लोटसचा वारसा. नाडी पाहून वैद्याने रोग सांगावा, तशी ही वजाबाकी दोष सांगते.

२००६ साली एक्सेलच्या फाईलचे स्वरूप एक्मा या संस्थेने प्रमाणित केले, तेव्हा हा न उजाडलेला दिवसही त्यात लिहिला गेला. चूक पुरेशा लोकांच्या हिशेबात मिसळली, की ती काढणे ठेवण्यापेक्षा महाग पडते. अशा वेळी ती दडवण्यापेक्षा लिहून ठेवणे शहाणपणाचे. आपल्या पुढच्या गणिताच्या तासाला मुलांना तो ६० आकडा टाकून पाहू द्या, आणि उत्तर चूक कसे हे त्यांनाच सिद्ध करू द्या. यंत्राने दिलेल्या उत्तराला ‘कशापासून मोजले?’ असे विचारण्याची सवय त्यातून लागेल.