अमूर ससाणा आणि बारा वर्षांची ‘परंपरा’

ऑक्टोबर २०१२. नागालँडच्या वोखा जिल्ह्यातील दोयांग जलाशयाकाठी बानो हरालू, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सू हे चौघे पोहोचले, तेव्हा झाडांमध्ये मासेमारीची जाळी टांगलेली होती आणि त्यांत अमूर ससाणे अडकलेले होते. पकडलेले पक्षी मच्छरदाण्यांत जिवंत कोंडले जात. पुढे पिसे उपटून, धुरावर भाजून विकले जात. चौघांचा अंदाज होता, रोज १२ ते १४ हजार पक्षी.

चित्रफीत जगभर पसरली आणि एक सोपे उत्तरही पसरले: ही नागांची पूर्वापार रूढी.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थबकावे. नागा समाजात शिकार जुनी आहे, यात शंका नाही. ही शिकार मात्र नवी होती. दोयांग जलविद्युत प्रकल्प २००० साली सुरू झाला. पांगतीसारख्या लोथा नागांच्या गावांची शेतजमीन पाण्याखाली गेली. शेतकरी मासेमार झाले. सायबेरिया व उत्तर चीनमधून दक्षिण आफ्रिकेकडे निघालेले ससाणे त्यानंतर याच जलाशयाकाठी प्रचंड संख्येने उतरू लागले. मासळीचे जाळे झाडावर चढले. जेमतेम बारा वर्षांच्या या व्यवसायाला ‘परंपरा’ म्हणणे म्हणजे धरणाचा हिशेब पुसून टाकणे होय.

१९७२चा वन्यजीव कायदा तेव्हाही होताच. पण गाव बदलले ते ग्रामपरिषदेच्या ठरावाने, चर्चमधील प्रवचनांनी आणि शाळकरी मुलांच्या निसर्गमंडळांमुळे. मुलांचे काम सर्वांत अवघड म्हणावे लागेल. ज्या पक्ष्याच्या विक्रीतून घरात रोख पैसा येत होता, तोच पक्षी मारू नका, हे त्यांना स्वतःच्या वडिलांना आणि काकांना सांगायचे होते.

२०१३च्या हंगामात दोयांगकाठी एकही ससाणा मारला गेल्याची नोंद नाही. त्याच नोव्हेंबरात तीन पक्ष्यांवर उपग्रह-प्रक्षेपक बसवण्यात आले. त्यांची नावे नागा, वोखा आणि पांगती. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचे हे पक्षी भारतीय द्वीपकल्प आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचले.

पांगतीत पूर्वीच्या शिकाऱ्यांनीच पुढे ससाण्यांच्या रातथाऱ्याच्या रक्षणासाठी संघटना उभारली. पर्यटकांकडून थोडे उत्पन्न येऊ लागले. बुडालेली शेते मात्र अजून पाण्याखालीच आहेत.