तिग्रान पेट्रोसियन: ज्याला हरवणं सगळ्यात अवघड होतं असा जगज्जेता

बुद्धिबळातल्या दिग्गजांची चर्चा निघाली की ताल, फिशर, कास्पारोव्ह ही नावं पटकन येतात. तिग्रान पेट्रोसियन यांचं नाव मात्र बऱ्याचदा ‘कंटाळवाणा जगज्जेता’ या शेऱ्यासह येतं. हा शेरा कितपत खरा आहे?

पेट्रोसियन यांचा जन्म १९२९ साली तिबिलिसीतल्या आर्मेनियन कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आई-वडिलांचं छत्र हरपलं आणि पोटासाठी त्यांना रस्ते झाडावे लागले. ऐकूही कमी येऊ लागलं. पुढे ते श्रवणयंत्र वापरत. (गोंगाट वाढला की ते बंद करता यायचं, हा त्याचा फायदा!)

निमझोविचच्या पुस्तकातून त्यांनी एक गोष्ट उचलली. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला सुरू होण्याआधीच त्याची वाट बंद करायची. म्हणजे ही नुसती बचावाची भिंत नव्हती. १९५३ साली झ्युरिकमध्ये रेशेव्हस्कीविरुद्ध त्यांनी आपला हत्ती मुद्दाम उंटाच्या तोंडी दिला. बदल्यात त्यांच्या घोड्याला पटाच्या मधोमध भक्कम जागा मिळाली, रेशेव्हस्कीची प्यादी जागीच थांबली आणि डाव बरोबरीत सुटला. हत्तीचा असा बळी ही पुढे त्यांची ओळखच बनली.

टीकेला आधार होता, हेही खरं. १९६२ च्या कुरासाओ कँडिडेट्स स्पर्धेत पेट्रोसियन, केरेस आणि गेलर यांनी आपापसातले सर्व १२ डाव बरोबरीत सोडवले. फिशरने संगनमताचा जाहीर आरोप केला आणि नंतर स्पर्धेचं स्वरूपच बदललं. पण पेट्रोसियन ती स्पर्धा एकही डाव न हरता जिंकले होते. १९६३ साली बोटविनिकला १२.५-९.५ असं हरवून ते जगज्जेते झाले.

१९६६ साली त्यांनी स्पास्कीविरुद्ध किताब राखला. त्यातल्या दहाव्या डावाचा शेवट त्यांनी चक्क वजिराचा बळी देऊन केला. कंटाळवाण्या म्हणवणाऱ्या खेळाडूकडून! १९६९ मध्ये स्पास्कीनेच त्यांच्याकडून किताब हिसकावला.

ऑलिम्पियाडमध्ये सोव्हिएत संघाकडून १० वेळा खेळताना ते फक्त एक डाव हरले. १९७२ साली, स्कोप्येत, तोही वेळ संपल्यामुळे.

१९८४ मध्ये मॉस्कोत कर्करोगाने त्यांचं निधन झालं. आर्मेनियात मात्र ते आजही घरातलेच आहेत. येरेवानच्या ‘चेस हाऊस’ला त्यांचं नाव आहे आणि २००० द्रामच्या नोटेवर त्यांचा चेहरा.