लोकगाथेचे पाठ आणि पडद्यावरील पाठ : सोव्हिएत काळातील दोन चित्रपट

तुर्की भाषाकुलातील लोकांच्या वीरगाथा शतकानुशतके गायकांच्या मुखातून चालत आल्या. प्रदेश बदलला, गायक बदलला, श्रोते बदलले, की कथाही बदलत असे. मौखिक परंपरेत पाठभेद हा दोष नसून तिचा प्राणच होय. चित्रपट मात्र या अनेक पाठांतून एकच पाठ स्थिर करतो. ही निवड करताना राजकीय विचारसरणी कोणत्या मार्गाने कथेत प्रवेश करते, हे सोव्हिएत काळातील दोन चित्रपटांच्या तुलनेने चांगले उमगते.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानी घेतली पाहिजे. १९४४ मध्ये तातारांची ‘इदेगेय’ ही गाथा पक्षाच्या केंद्रीय समितीच्या ठरावाने निषिद्ध ठरली. १९५१ मध्ये अझरबैजानात ‘देदे कोरकुद’वर आणि १९५२ मध्ये उझबेकिस्तानात ‘अल्पामिश’वर प्रहार झाले. या गाथा सामान्य जनतेच्या नसून सरंजामदारांच्या आहेत, हा आक्षेपाचा गाभा होता. १९५६ च्या ताश्कंद येथील परिषदेने ‘अल्पामिश’ला पुन्हा प्रतिष्ठा दिली. बंदी उठली, परंतु ‘नायक कोणाचा, जनतेचा की सरंजामदारांचा?’ हा निकष उठला नाही. पूर्वी तो गाथेचा न्याय करणाऱ्यांच्या हाती होता; आता तो पटकथेच्या रचनेत जाऊन बसला.

‘कोरोग्लू’ची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. हे नावच दोन प्रकारे उच्चारले जाते व त्याचे दोन अर्थ होतात. अझरबैजान व अनातोलियात तो ‘कोर-ओग्लू’, म्हणजे आंधळ्याचा पुत्र. खानाने त्याच्या पित्याचे, म्हणजे आपल्याच अश्वपालाचे, डोळे काढले आणि त्या अन्यायातून बंडखोर जन्मला. तुर्कमेन व उझबेक गायकांच्या मुखी तो ‘गोर-ओग्लू’, म्हणजे थडग्यात जन्मलेला पुत्र होतो; त्याचा जन्म अद्भुत असतो आणि उझबेक गाथांत तो चांबिलचा अधिपती म्हणून वावरतो. एका व्यंजनाच्या भेदामागे बंडखोर आणि राजा असे दोन नायक उभे आहेत.

१९६० मध्ये बाकूत हुसेन सैदजादे यांनी ‘कोरोग्लू’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. उजेइर हाजीबेयोव यांच्या १९३७ च्या संगीतिकेने खान विरुद्ध जनता ही मांडणी आधीच रूढ केली होती. चित्रपटाची दिशाही तीच राहिली. अंधपुत्राचा पाठ ही विचारसरणीने केलेली बनावट नव्हे. तो अझरबैजानचा स्वतःचाच पाठ आहे. परंतु अलेक्झांडर खोजको यांनी १८४२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या पाठात हाच नायक कारवाने लुटणारा दरोडेखोर व गायकही आहे. या मिश्र व्यक्तित्वातील जनतेचा कैवारी तेवढा पुढे आणला, की वर्गलढ्याला नायक आयताच लाभतो. येथे विचारसरणीचे कार्य नवे रचण्याचे नसून वेचून घेण्याचे आहे.

कझाखांच्या ‘किज-झिबेक’मध्ये ती याहून पुढे जाते. १९७० मध्ये निर्माण झालेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शक सुलतान-अहमद खोजिकोव व पटकथाकार गाबित मुस्रेपोव होत. परंपरागत गाथेत तोलेगेनचा बेकेझानकडून वध होतो. पुढे तोलेगेनचा धाकटा भाऊ सान्सिझबाय येतो आणि झिबेक त्याची वधू होते. मृताच्या वधूचा विवाह त्याच्या भावाशी लावण्याच्या स्टेपमधील जुन्या रूढीला हा शेवट अनुसरतो. सोव्हिएत राजवटीने ही रूढी सरंजामी अवशेष म्हणून कायद्याने मोडली होती. चित्रपटात सान्सिझबायशी विवाह नाही. झिबेक पाण्यात शिरून जीवन संपवते. तिची निष्ठा अशा रीतीने कुळाच्या हक्कापासून सुटून केवळ प्रेमाची होते.

तथापि या चित्रपटास केवळ सोव्हिएत प्रचार म्हणणे अन्यायाचे होईल. आपापसांत झगडणाऱ्या कझाख टोळ्यांच्या ऐक्याची हाक त्यात आहे. सरंजामशाहीवरील टीका म्हणून ती मान्य होण्यासारखी होती, आणि कझाख प्रेक्षकाला तीत आपल्या राष्ट्राच्या भवितव्याचा सूर ऐकू येणेही शक्य होते. जी भाषा राज्यसत्तेला रुचते, तिच्याच आश्रयाने जनतेची स्मृती तग धरू शकते.

म्हणून अशा चित्रपटाचे प्रामाण्य दुहेरी मानावे लागते. गाथेच्या मूळ स्वरूपाविषयी त्याची साक्ष दुबळी असते; ज्या दशकात तो निर्माण झाला त्या दशकाविषयी मात्र ती भक्कम असते. धोका निराळाच आहे. गायकांची संख्या घटते, चित्रपट मात्र पुन्हा पुन्हा दाखविला जातो. अशा वेळी पडद्यावरील शेवट हाच गाथेचा शेवट ठरतो, आणि सान्सिझबायचे आगमन किंवा थडग्यात जन्मलेला राजा यांना केवळ हस्तलिखितांत व ध्वनिमुद्रणांत आश्रय उरतो. बंदीने जे साधत नाही, ते लोकप्रियतेने साधते. यासाठी चित्रपटाच्या अभ्यासास आरंभ करण्यापूर्वी गाथेचे सर्व उपलब्ध पाठ समोर मांडणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.