लहान मुलांना ‘खुकरी’ची कथा सांगतांना

समुद्रापासून दूर असलेल्या जालन्यांत माझें अध्यापनाचें आयुष्य गेलें. आमच्या मुलांच्या ओळखीचें पाणी म्हणजे कुंडलिका नदी आणि मोती तलाव. अशा मुलांना समुद्रावरील युद्धाची कथा कशी सांगावी, हें मला एका विद्यार्थ्यानें शिकविलें.

सन १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धांत, ४ डिसेंबरच्या रात्रीं, आपल्या क्षेपणास्त्र-नौकांनीं कराची बंदरावर यशस्वी हल्ला केला. त्या स्मरणार्थ आपण नौदल दिन पाळतों. परंतु पुढें पांचच दिवसांनीं, ९ डिसेंबरच्या रात्रीं, दीवजवळच्या समुद्रांत आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीरानें कांहीं मिनिटांतच बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनीं जहाज सोडण्याचा हुकूम दिला, आपलें जीवरक्षक जाकीट एका खलाशास दिलें आणि ते स्वतः जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी व १७६ खलाशी परत आले नाहींत. दुसरे दिवशीं ‘कच्छल’ या नौकेनें ६७ जणांना पाण्यांतून वांचविलें. मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यांत आलें.

ही कथा मीं प्रथम मोठ्या आवेशानें सांगितली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. एक मुलगा मात्र गप्प होता. तो म्हणाला, “गुरुजी, जाकीट त्यांचें होतें, मग दुसऱ्याला कां दिलें?” “शूर होते म्हणून,” असें मीं सांगितलें, पण तें उत्तर नव्हे, हें त्याच्या चेहऱ्यावर दिसलें.

दुसरे दिवशीं मीं त्यालाच विचारलें, “घरीं सर्वांत शेवटीं कोण जेवतें?” तो म्हणाला, “आई.” “कां?” “सगळ्यांचें झाल्याशिवाय ती बसत नाहीं.” “कप्तानाचेंही तसेंच,” मीं म्हणालों. त्या दिवशीं टाळ्या वाजल्या नाहींत. पण कथा मुलांना समजली.

तेव्हांपासून मीं दोन पथ्यें पाळलीं. मरणें हाच पराक्रम, असें मुलांना कधीं सांगूं नये. आधीं दुसऱ्यास वांचविणें, हा पराक्रम. आणि पाणबुडींतील माणसांनाही घरें होतीं, हें लपवूं नये. शौर्य शिकवितांना द्वेष शिकविण्याची गरज नसते.

दीव येथें समुद्राकडे तोंड करून ‘खुकरी’ची लहानशी प्रतिकृति कांचेंत ठेवलेली आहे. मुलांना तेथें अवश्य न्यावें. तें न जमल्यास घरींच ही कथा सांगावी; मात्र मुलानें ‘कां’ विचारल्यास घाईनें उत्तर देऊं नये.