बहुमत म्हणजे कोणाचे मत?

पाचांमुखी परमेश्वर, असे आपले वाडवडील सांगत आले. गावकीचा तंटा असो की घरचे लग्नकार्य, पाचजण म्हणतील ते खरे! परंतु पाचजण तीन तोंडांनी बोलू लागले, तर परमेश्वराचा शब्द कोणता मानावा? अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये दोघा विद्वानांनी हा पेच गणिताच्या कसोटीला लावून पाहिला. ती हकीकत मोठी मनोरंजक आहे, आणि थोडी करुणही.

पहिले गृहस्थ झाँ-शार्ल द बोर्दा. पेशाने आरमारी अधिकारी, वृत्तीने गणिती. १७७० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी एक साधा हिशेब मांडला. मतदार २१, उमेदवार तीन. त्यांना आपण क, ख, ग म्हणू. ‘क’ला ८ मते, ‘ख’ला ७, ‘ग’ला ६. रूढ रीतीने ‘क’ निवडून आला. पण उरलेल्या तेराजणांच्या मनात डोकावावे, तर त्या सर्वांच्या यादीत ‘क’ शेवटचा! २१ पैकी १३ जणांना जो मुळीच नको, तोच विजयी!

बोर्दाचा उपाय असा: पहिल्या पसंतीला तीन गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक. ‘क’च्या आठांपैकी सातांची दुसरी पसंती ‘ग’ला होती, एकाची ‘ख’ला. ‘ख’चे सातहीजण ‘ग’ला दुसरा मानीत, आणि ‘ग’चे सहाजण ‘ख’ला. बेरीज केली: क ३७, ख ४२, ग ४७. सर्वांत मागचा ‘ग’ पहिला आला! माणसे तीच, मने तीच. मोजण्याची रीत बदलली आणि निकाल पार उलटला. १७८४ साली अकादमीने ही रीत आपल्या निवडणुकांसाठी स्वीकारली. कोणी शंका काढली, की एखाद्या लबाडाने तुल्यबळ उमेदवाराला मुद्दाम तळाशी टाकले तर? त्यावर, आपली रीत प्रामाणिक माणसांसाठी आहे, असे उत्तर बोर्दांनी दिल्याचे सांगतात.

दुसरे विद्वान मार्क्विस द कोंदॉर्से. १७८५ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी वेगळी वाट धरली. उमेदवारांच्या जोड्या लावाव्यात. एकेकाशी लढून जो बाकीच्या सर्वांना हरवील, तोच खरा बहुमताचा. तर्क बिनतोड, पण त्यात एक खोच निघाली, आणि ती दाखवून दिली खुद्द कोंदॉर्सेंनीच! ती समजायला दिवाळीचा फराळ पुरेसा आहे. आजीला आधी लाडू आवडतो, मग करंजी, मग चकली. बाबांना करंजी, चकली, लाडू. बाळूला चकली, लाडू, करंजी. लाडू की करंजी? आजी आणि बाळू म्हणतात, लाडू. करंजी की चकली? आजी आणि बाबा म्हणतात, करंजी. मग लाडू चकलीहून सरस ठरायला हवा ना? पण बाबा आणि बाळू म्हणतात, चकली! एकेक माणूस शहाणा. तिघांचे मिळून मत मात्र घाण्याच्या बैलासारखे गोल फिरते.

कोंदॉर्से नुसते कागदावरचे गणिती नव्हते. १७९० साली त्यांनी स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क मागितले. जानेवारी १७९३ मध्ये राजाच्या देहदंडाचा प्रश्न मताला आला, तेव्हा त्यांनी देहदंडाविरुद्ध मत दिले. त्यांनी तयार केलेली राज्यघटना बाजूला पडली. तिच्या जागी आलेल्या घटनेवर टीका करताच जुलैमध्ये त्यांच्या अटकेचा हुकूम सुटला. पॅरिसमधल्या एका विधवेच्या घरात काही महिने लपून त्यांनी मानवाच्या प्रगतीवर ग्रंथ लिहिला. मार्च १७९४ मध्ये ते पकडले गेले, आणि दोनच दिवसांत कोठडीत मृत आढळले. बाहेर माणसे मारली जात असताना, माणसाची बुद्धी वाढतच जाणार हे आत बसून लिहिणारा हा पुरुष!

पसंतिक्रमाचा हा विचार आपल्याला परका नाही. आपल्या राष्ट्रपतीची निवडणूक पसंतिक्रमानेच होते, जरी मोजणीची रीत या दोघांहून निराळी आहे. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख हे प्रमुख उमेदवार होते. पहिल्या पसंतीचे मतमूल्य गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. विजयाला हवे होते ४,१८,१६९. तेव्हा देशमुखांसह मागे पडलेल्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. रेड्डी झपाट्याने वर चढले, पण ४,०५,४२७ वर थांबले; गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले. जवळजवळ ८८ हजारांचे अंतर १४,६५० वर आले होते!

मग निर्दोष रीत कोणती? १९५१ साली केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने सिद्ध केले, की पर्याय तीन वा अधिक असले, तर पसंतिक्रमावर चालणारी कोणतीही रीत न्यायाच्या साऱ्या साध्या अटी एकदम पाळू शकत नाही. म्हणून काही मत देणे सोडायचे नाही. तात्पर्य एवढेच, की रीत निवडणे हाही निकालाचाच एक भाग आहे. तेव्हा ती मतपेटी उघडण्याआधी, सर्वांदेखत ठरवावी. पाचांमुखी परमेश्वर असतो खरा. पण त्याचे बोलणे कसे ऐकायचे, हेही पाचांनीच आधी ठरवायचे असते.